साळवे मामांची आयरिश पलटण

"पलटण हालली," असे साळवे मामांनी दौंड स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानात जाहीर केले, तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. नऊपर्यंत ही बातमी भाजीबाजारात पोचली. रेल्वेचा संप होऊन वर्षही झाले नव्हते. गावाला राखीव पोलिसांची छावणी लागून असल्याने पलटण हलणे म्हणजे कुठेतरी काहीतरी पेटणे, हे दौंडकरांना पाठ होते. अकरा वाजता मला शिरूरला फोन आला. मी पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. दुपारच्या एस.टी.ने दौंड गाठले. छावणीच्या दारावरचा पहारेकरी जांभई देत होता. आत कपडे वाळत होते. कोणतीही पलटण हललेली नव्हती.

अफवेचा माग काढत मी चहाच्या दुकानात पोचलो. मालकाने कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट दाखवले. तिथे रेल्वेचा जुना निळा कोट घातलेला, कानावर पेन्सिल खोचलेला एक उंच माणूस बशीतून चहा पीत होता.

"कुठली पलटण हलली?" मी विचारले.

"आयरिश."

"कुठून?"

"बसऱ्याहून. बोटीनं. नदीनं वर चाललीया."

"केव्हा?"

"पयल्या महायुद्धात," मामा म्हणाले. "मला आज कळलं."

त्या दिवशी मी कार्यालयाला बातमी पाठवली नाही.

सोनबा राघू साळवे, मूळ राहणार निमोणे, तालुका शिरूर. नोकरी रेल्वेत, दौंड यार्डात नंबर टेकर, नुकतेच निवृत्त. मालगाडी यार्डात आली की तिच्या प्रत्येक वाघिणीचा नंबर वहीत उतरवून घ्यायचा, हे नंबर टेकरचे काम. ती कुठून आली, कोणत्या गाडीला जोडली, कुठे सोडली, हे त्या वहीवरून कळते. कोळशाच्या धुळीखालचा अर्धा पुसलेला नंबर मामा चालत्या गाडीवरून वाचत, असे यार्डातले लोक सांगत. मामा स्वतः एवढेच म्हणत, "वॅगन हरवत न्हाई. नंबर घेणारा हरवतो."

निवृत्तीनंतर वाघिणी गेल्या, सवय राहिली. पाहुणा दारात आला की ते आधी त्याच्या सायकलचा नंबर बघत आणि मग पाणी विचारत. लग्नाच्या पंगतीत नव्या जावयाला त्यांनी "कुठनं आला, कुठं जोडला?" असे विचारल्याने एकदा वरपक्ष रुसला होता. वाक्य पुढे "कुठं सुटला" असे पुरे व्हायचे होते. ते त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, हात दाबून अडवले.

"माझं माहेर कंच्या गावचं, ह्यांना धड सांगता यायचं न्हाई," शेवंताबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "पर त्या आयरिश मेल्यांनी कुठं भाकरी खाल्ली, इचारा. समदं पाठ."

त्यांच्या तक्रारीला कारण होते. रेल्वेच्या नोकरीत उभ्या केलेल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीची एक भिंत मामांनी काळी रंगवून घेतली होती. तिच्यावर खडूने यार्डाचा नकाशा काढावा तशा सहा आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे एका आयरिश रेजिमेंटची एक बटालियन. रेघेवर गावांची नावे होती, त्यांपुढे बाण होते आणि मधेच एखादी रेघ दुसरीत घुसली होती. मी ती भिंत वहीत उतरवून घेतली. ते पान मला आजही वाचता येत नाही.

कारण मात्र सोपे होते. मामांचे वडील राघू साळवे घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, जुन्या छावणीत घोड्यांसाठी गवत कापत. पहिल्या महायुद्धात खेचरे हाकायला माणसे हवी होती, तेव्हा ते गेले. त्या वेळी मामा आईच्या पोटात होते. बसऱ्याहून एक पत्र आले, दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेले. त्यावर एका आयरिश पलटणीचा शिक्का होता. रेजिमेंटचे नाव स्पष्ट उठले होते. बटालियनचा आकडा मात्र फिसकटला होता. एक म्हणा, पाच म्हणा. त्यानंतर काही नाही. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचा निरोप नाही. मामांची आई धोंडाबाई निमोण्याला राहत होत्या. त्यांनी साठेक वर्षे कुंकू लावणे सोडले नव्हते.

"ती मला इचारती, मी जायाची ती कशी जायाची?" मामा म्हणाले. "सवाशीण का रांडाव? येवढं तिला सांगायचं हाय. बाप कुठं सुटला, त्ये टेशन पायजे."

स्टेशन सापडण्याची शक्यता मला कमी वाटत होती. इनामगावला पुरातत्त्वाचे उत्खनन चालू होते, त्याची बातमी घ्यायला मी निघालो तेव्हा मामाही बरोबर आले. घोड नदीच्या काठी खड्ड्यात एक सांगाडा उघडा केला होता. उत्खनन करणाऱ्या तरुण संशोधकाने सांगितले, हा माणूस तीन हजार वर्षांपूर्वीचा. मामा खड्ड्याच्या कडेला बराच वेळ उकिडवे बसले.

"साहेब, ह्याचा नंबर?"

संशोधकाने खरेच एक नंबर सांगितला. सांगाड्याजवळ चिठ्ठी लावलेली होती. मामांनी तो लिहून घेतला.

"तीन हजार वर्साचा गडी घावतो," परतताना ते म्हणाले, "मंग साठ वर्साचा का घावू नये? त्यो तर आत्ताच गेलाय."



शोधाची साधने दोन होती. एक ही भिंत आणि दुसरे मिस्टर ब्रेनन. ब्रेनन हे त्याच रेजिमेंटमधले म्हातारे शिपाई. ते आयर्लंडमधल्या एका खेड्यात राहत. दौंडच्या एका निवृत्त अँग्लो-इंडियन गार्डाने कुठून तरी त्यांचा पत्ता मिळवून दिला होता. मामांची पत्रे मी इंग्रजीत करायचो आणि ब्रेननची उत्तरे मराठीत. ब्रेननचे अक्षर कोंबडीने माती उकरावी तसे होते. एका पत्रात पाचव्या बटालियनचा कॅप्टन उंच होता, पुढच्यात बुटका. तीन महिन्यांनी खुलासा आला की एकाच आडनावाचे दोन कॅप्टन होते आणि एक सहाव्या बटालियनमधला होता. एक पूर्ण पत्र तर त्यांच्या आजारी गाईविषयी होते.

"ह्यात पलटण कुठं हाय?" मामांनी विचारले.

"नाही. फक्त गाय आहे."

मामांनी विचार केला. "गाय बरी हाय का, इचारा. म्हातारा एकलाच दिसतोय."

एकदा मी सगळे नीट समजून घ्यायचे ठरवले. भिंतीसमोर बसलो, वही उघडली.

"पहिली बटालियन."

"हिंदुस्थानातनं निघाली, फ्रान्सला गेली."

"दुसरी?"

"इंग्लंडातनं. तीबी फ्रान्सला. थितं दोघींचं गडी कमी पडलं, मंग दुसरी पयलीला जोडली."

"म्हणजे दुसरी संपली."

"संपली कशी? कागदावर हाय की. एम्टी, रिकामी."

"तिसरी?"

"यार्डात."

"चौथी?"

"तीबी यार्डात. घरच्या घरी शंटिंग."

"सहावी?"

"फ्रान्सला. पर लेट."

"मग बसऱ्याला कोण गेले?"

"पयली. फ्रान्सहून."

"आणि पाचवी?"

"तिचं इचारू नका," मामा म्हणाले आणि खडू खाली ठेवला.

"चा ठिवलाय," शेवंताबाई आतून म्हणाल्या. "पाचवीचं निघालं म्हंजी दोन कप लागतील."

पाचवीचे खरोखरच काही कळत नव्हते. भिंतीवर पहिली नदीच्या वरच्या मुक्कामांजवळ पोचली, की मामा एकदम म्हणत, पर आकडा पाचचा असंल तर? मग पाचवी काढायची. ती तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरायची, तिथून ग्रीसच्या बाजूला जायची, डोंगरात थंडीने कुडकुडायची. पाचवी अडली की पुन्हा पहिली. अशी दोन वर्षे गेली. दर रविवारी मामा दौंडहून एस.टी.ने निमोण्याला जाऊन आईला पलटणीचा मुक्काम सांगून येत.

मग ब्रेननचे शेवटचे पत्र आले. या वेळी अक्षर कुणा दुसऱ्याचे होते आणि मजकूर स्वच्छ. ब्रेनननी लिहवून घेतले होते: पाचवी बटालियन बसऱ्याला कधीही गेली नाही, हे मी पूर्वीच लिहिले होते. म्हणून शिक्का पहिलीचाच. पहिलीबरोबर हिंदी खेचरवाले होते. नदीकाठच्या एका तळावर उन्हाळ्यात पटकी आली. खेचरवाले बरेच गेले, त्यांना तिथेच पुरले. त्यांची नावे बटालियनच्या कागदांत लिहीत नसत. पलटण पुढे गेली. तुमच्या मित्राला सांगा, मला वाईट वाटते.

'पूर्वीच लिहिले होते' हे वाचून मी जुनी पत्रे काढली. दुसऱ्याच पत्रात ते वाक्य होते. मराठीत मीच केले होते, दोन वर्षांपूर्वी. मी विसरलो होतो. धुळीखालचा नंबर वाचणारा माणूस ते विसरला असेल, हे पटण्यासारखे नव्हते.

रविवारी आम्ही दोघे निमोण्याच्या फाट्यावर उतरलो. गावापर्यंत चालत जायचे होते. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली होती.

"मामा, पाचवी बसऱ्याला गेली नव्हती. तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मग दोन वर्षं कशासाठी?"



"एकली पयली ठिवली आस्ती तर दोन म्हयन्यांत पोचली आस्ती," ते म्हणाले. "मंग आयला पुढं काय सांगू? माझं सारं वय गेलं साहेब, आयनं बाचं नाव काढलं न्हाई. इचारलं तर उठून जायची. मी पयल्यांदा जाऊन सांगितलं, आये, पलटण बोटीत बसली. तर म्हनली, बोटीत? आरं, म्हशीची शेपूट धरून डोळं मिटून घोड नदी वलांडायचा त्यो." मामांनी ज्वारीचे एक कणीस हातात घेतले. "त्या दिशी मला कळलं, माझा बा पाण्याला भ्यायचा. पलटण हालली की आय बोलती. थांबली की गप."

गाव दिसू लागले.

"गेल्या ऐतवारी तिनं शप्पत घातली. म्हनली, आता फिरवू नगंस, काय ते सांग. आज तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

धोंडाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. बारीक अंगाच्या, ताठ पाठीच्या. कपाळावर रुपयाएवढे कुंकू. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हे पेपरवालं का? बसा. कुठवर आला?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी पत्र काढले आणि त्यात जे होते ते सांगितले. तळ नदीकाठी होता. पटकी आली. जे गेले त्यांना तिथेच पुरले. नावे लिहिली नाहीत.

"म्हंजी थितंच," त्या म्हणाल्या.

"बहुतेक. खात्रीने सांगता येत नाही."

"खातरी कशाला?" त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "पटकी आली म्हंजी त्यो मागं ऱ्हायचाच. आजाऱ्याला पाणी पाजायला ह्यो म्होरं. लोकं म्हनायचं, शिवू नगंस, आन् ह्यो मांडीवर डोकं घेऊन बसायचा."

कुंकवाविषयी त्या काही बोलल्या नाहीत.  त्या शेंगा फोडत राहिल्या. मामा पायरीवर बसले होते. त्यांच्याकडे आता सांगायला पहिली उरली नव्हती, पाचवीही नव्हती.   मग त्यांनी पहिल्यांदाच पलटणीशिवाय विचारले.

"आये, त्यो चालायचा कसा?"

"कसा म्हंजी? मानसावानी."

"तसं न्हाई. लांबनं येताना वळखू यायचा का?"

धोंडाबाईंनी सूप बाजूला ठेवले. भिंतीला हात लावून त्या उठल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि अंगणात उतरल्या. डावा खांदा जरा पाडला. एक हात मागे नेला, मागून जनावर येत असावे आणि त्याचा दोर हातात असावा तसा. मग उजवा पाय जरा बाहेर टाकत, दर तिसऱ्या पावलाला मागे वळून बघत, त्या बाभळीपर्यंत चालत गेल्या.

मामांनी कानावरची पेन्सिल काढली होती. वही मांडीवर उघडी होती. त्यांनी काही लिहिले नाही.

बाभळीपाशी धोंडाबाई वळल्या. त्यांना धाप लागली होती.

"आसा," त्या म्हणाल्या. "दिसला का?"

"न्हाई नीट," मामा म्हणाले. "आये, पुन्ना एकदा."