चेहऱ्यांचा साठा

दूरचित्रवाणी मालिकेचा दिग्दर्शक हा पुढेमागे चित्रपट काढणारच असतो. मीही काढणार होतो. गोष्ट तयार होती आणि निर्माते आप्पासाहेब यांनी शब्द दिला होता, की मालिका मार्गी लावा, लगेच तुमचा चित्रपट सुरू करू. आप्पासाहेब पूर्वी धायरीत प्लॉट विकत, त्यामुळे 'लगेच' या शब्दावर त्यांचा हात बसलेला होता. चित्रपटाचं रीतसर शिक्षण घेऊनही मला हे कळलं नाही.

आमची मालिका कौटुंबिक होती. म्हणजे एकाने वाक्य बोलायचं आणि उरलेल्या कुटुंबाने आळीपाळीने चेहरे करायचे. सुनेने "चहा ठेवते" म्हटलं तरी सासू, सासरे, जाऊ, दीर यांना धक्का बसलेला दाखवावा लागे. यातच दिवस मावळायचा. चित्रपटासाठी वेळ काढायचा तर हे धक्के आटोपायला हवे होते. मग मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला फार अभिमान वाटला, हेही इथे नमूद करतो.

सगळ्या कलाकारांचे सगळे चेहरे मी एकदाच चित्रित करून ठेवले. धक्का, साधा. धक्का, माहेरकडून आलेला. संशय. पाणावलेले डोळे, आनंदाचे. पाणावलेले डोळे, दुःखाचे. शेवटचे दोन आमचा संकलक पुष्करने एकत्रच ठेवले, कारण त्यातला फरक फक्त मला दिसत होता. सासूचं काम करणाऱ्या वासंतीताई रंगभूमीवरच्या जुन्या.

"अहो, धक्का कशाचा बसलाय ते तरी सांगा," त्या म्हणाल्या.

"ते नंतर ठरेल," मी म्हणालो.

योजना यशस्वी झाली. वासंतीताई लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि मालिकेत पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागल्या. त्यांना उत्कृष्ट सासूचा पुरस्कार मिळाला. तो स्वीकारतानाचे पाणावलेले डोळेही आम्ही साठ्यातूनच पुरवले. पुढे नायक भांडून निघून गेला, पण त्याचा संताप आमच्याकडे भरपूर शिल्लक होता. बोलायची वाक्यं आता दाराआडून ऐकू येत. दाराआडून बोलण्यात पुण्यात कोणाला काही खटकलं नाही.

मला वेळच वेळ झाला. चित्रपट कधी सुरू करायचा हे विचारायला मी आप्पासाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. चित्रीकरणच होत नाही तर आपण दिग्दर्शन कशाचं करता, असं त्यांनी विचारलं. ही व्यवस्था मीच बसवली, असं मी सांगितलं.

"त्याबद्दल आभार," आप्पासाहेब म्हणाले. "पण नळ बसवून झाला की प्लंबर घरी जातो."

मी चित्रपटाची आठवण करून दिली.

"करणार ना. शब्द दिलाय. गोष्ट तुमची, चेहरे साठ्यातले. पुष्कर बसलाय कामाला."

माझा चेहरा तेव्हा कसा झाला, ते मला माहीत नाही. शेजारच्या खोलीतून दारात आलेल्या पुष्करने मात्र तो मोबाइलवर टिपून घेतला. दिग्दर्शकाचा चेहरा साठ्यात नव्हता, म्हणाला.

तिथून थेट बिबवेवाडीला आईकडे गेलो. फार वाईट वाटत होतं आणि ते आपल्या माणसाला सांगायचं होतं. आई आमचीच मालिका बघत होती. मला काढून टाकलं, असं मी म्हणालो.

"जाहिराती लागल्या की सांग," आई म्हणाली.

जाहिराती लागल्यावर सगळं सांगितलं. नोकरी गेली, गोष्ट गेली, चित्रपटही गेला. आईचे डोळे पाणावले. मी तिचा हात हातात घेतला आणि मग लक्षात आलं, की जाहिराती संपल्या होत्या आणि समोर वासंतीताई रडत होत्या.

वाचकहो, इथे तुम्हालाही जरा वाईट वाटलं असेल. भुवया किंचित वर, ओठ एका बाजूला, तोंडातून एक बारीकसं 'च्च'. उगाच कष्ट घेऊ नका. तो चेहरा आमच्याकडे आहे. लांबीला अगदी कमी आहे, पण पान उलटेपर्यंत पुरतो.