सावंतकाकांची शोधाशोध

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी जिन्यातून धाडधाड आवाज येतो. पाहुणे दचकतात, आम्ही चहा टाकतो. सातव्या मजल्यावरचे सावंतकाका हाफ पँटवर स्कीचे अवजड बूट घालून जिने चढत असतात.

काका बर्फाच्या कारखान्यातून रिटायर झाले. मासळीवाल्यांना लाद्या पुरवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे कुणी सल्ला दिला की फणकारतात, "बरफ माका शिकवतस? बरफ कोणाचो सोयरो नाय!"

त्यांची लेक प्राची स्वित्झर्लंडला असते. तिच्याकडे चार हिवाळे आपटत-धोपटत काका स्की शिकले. येत्या मार्चमध्ये बापलेक गाइडबरोबर हिमनदीवरून उतरणार आहेत. तिथे आखलेली वाट नाही. वरून बर्फ कोसळला तर माणूस गाडला जातो, म्हणून प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधतात. गाडलेल्याचं यंत्र सिग्नल देतं, बाकीच्यांनी आपापल्या यंत्रावर तो पकडून त्याला पंधरा मिनिटांच्या आत काढायचं.

प्राचीने सरावाला दोन यंत्रं पाठवली. पहिल्याच दिवशी काकांनी एक बागेत पुरलं आणि ते शोधताना सेक्रेटरींची जास्वंद मुळासकट उपटली. सेक्रेटरींनी नोटीस लावली. तेव्हापासून पुरायचा माणूस मी. यंत्र खिशात घालून मी कुठेतरी लपतो, काका घड्याळ लावून शोधतात. एकदा मीटर रूममध्ये माझी वाट लागली. मी, पन्नाशीचा मिशीवाला इसम, झुरळांच्या संगतीत अर्धा तास!

परवा मी वैतागून म्हटलं, "काका, रोज मीच का? आज तुम्ही लपा ना, मी शोधतो."

"माका शोधूक गाइड आसा रे." मग काका बाकावर बसले आणि बुटांची बक्कलं उगाच उघड-बंद करू लागले. "प्राची पाच वर्सांची असताना गावच्या जत्रेत हरवली. मी हंय कारखान्यात, ड्युटीवर. तीन तासांनी दुसऱ्यांनी शोधल्यानी. ती अजून म्हणता, बाबा, तेव्हा तुम्ही नव्हतात." मग बक्कल खटकन लावून म्हणाले, "आता परत तसा नको."

मला माझ्या कुरकुरीची लाज वाटली. यंत्र घेऊन मी गच्चीवर गेलो आणि टाकीमागच्या सांदीत अंग चोरून बसलो.

जिन्यात बुटांची धाडधाड सुरू झाली. बाराव्या मिनिटाला काका घामाघूम होऊन टाकीमागे वाकले, माझं मनगट घट्ट पकडलं आणि धापा टाकत म्हणाले,

"गावलंस गो बाय!"