हातोहात रोडगे

आमचे शेजारी गुलाबराव सर रोडग्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, आणि तेही भर पंगतीत, मोठ्याने.

मेडशीच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मुलं हाती लागेनात, तेव्हा त्यांनी गावाला धरलं. कुणाच्याही वावरात कणकेचे गोळे भाजून रोडग्यांचा कार्यक्रम असला, की गोवऱ्यांच्या फुललेल्या आरापासून पंगतीपर्यंत ते माणसांची रांग लावतात. प्रत्येक माणूस म्हणजे झाडाच्या पानातल्या पडद्यात रुतलेलं एकेक प्रथिन. उन्हाने इलेक्ट्रॉन सुटतो, तसा आरातून रोडगा निघतो. जागा न सोडता घ्यायचा, पुढे द्यायचा. "पान असंच चालते, वैनी," हे मला ऐकवायचं त्यांचं पालुपद.

वाटेत रोडगा निवतो. इलेक्ट्रॉनचाही जोर असाच ओसरतो म्हणे. मग पुढचं एक प्रथिन उन्हाच्या बळावर त्याला पुन्हा चढवतं. म्हणून पंगतीजवळ सरांचा दुसरा आर. माझी जागा मधली. एक रोडगा हातातून गेला, की मी दोन कांदे बादलीत टाकायचे. कांदे म्हणजे प्रोटॉन. त्याने काय होतं विचारलं, तर म्हणाले, दाटी होते, आणि दाटीच्या जोरावर पानाची गिरणी फिरते. मी टाकते. चिरायला कांदे एका जागी सापडतात, एवढं खरं.

यंदा कार्यक्रम आमच्याच वावरात होता. रांग अडली ती माझ्यापुढे, सरांच्या बायकोपाशी. सुमनवहिनींना हल्ली काही आठवत नाही. रोडगा घेऊन त्या नुसत्या बघत राहायच्या. सरांनी हाताने खूण केली, की पुढे द्यायच्या. पंगत ताटं वाजवू लागली. माझा दीर टोपलं घेऊन आला.

"सर, तुमचं पान वाळून राह्यलं. टोपल्यात नेतो."

मलाही तेच पटलं होतं. सर टोपल्याला आडवे आले. इलेक्ट्रॉनचं नाव काढलं नाही.

"वैनी, सुमन दिवसभर मले इचारते, मी काय करू म्हणून. जो तो तिले म्हनते, तुमी बसा. इथं तिले काम हाये."

मी दिराला टोपलं खाली ठेवायला लावलं आणि पंगतीला सांगितलं, ज्याला भूक असेल त्याने रांगेत उभं राहावं. बरेच उठले. रांग लांबली, जेवण आणखीच उशिरा झालं. सुमनवहिनी मात्र पुढच्याला दर रोडग्यामागे बजावत होत्या, "गरम हाये बापा, संभाळून धर."