चौसष्ट मंजुऱ्या आणि बेबीताई

माणसांचा समन्वय म्हणजे माझ्या हातचा मळ! भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला अब्जावधी रेणूंचा हिशेब लागतो. तिथे पासष्ट शेतकऱ्यांचं काय घेऊन बसलात?

साल २०१८. आदल्या हंगामात बोंडअळीने दारव्ह्याकडचा कापूस आतून पोखरला होता. म्हणून मी आणि माझी वर्गमैत्रीण आभा यवतमाळात बसून एक ॲप करत होतो. शेतातल्या सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग शेतकऱ्याने रोज सकाळी मोजून आकडा टाकायचा. तीन दिवस लागोपाठ आठ-आठ पतंग दिसले, की ॲप गावाला सांगणार, 'फवारणी करा'. कोड सर्वांसाठी खुला, पगार कोणालाच नाही. कोड आभा लिहायची. मी प्रमुख होतो, कारण तसं मीच ठरवलं होतं.

नियमही माझाच: दोघांनी 'मंजूर' दाबल्याशिवाय कोणताही बदल लागू होणार नाही. मग मला वाटलं, मंजुरी आपणच का द्यायची? दारव्ह्याजवळच्या गावातल्या पासष्ट जणांना मी तो अधिकार देऊन टाकला!

"ते वाचून दाबतील का?" आभाने विचारलं.

"लोकशाहीवर विश्वास ठेव!"

मंगळवारी सकाळी आभाने एक बदल टाकला. इशारा जातो की नाही, हे तपासायला तिने आठाचा आकडा एकावर आणला, तीन दिवसांची अटही काढली. वर ठळक लिहिलं, 'फक्त चाचणी. मंजूर करू नका.' आणि ती चहा ठेवायला उठली.

चहाला उकळी फुटायच्या आत चौसष्ट मंजुऱ्या! नकार एकच. आणि साऱ्या गावाच्या फोनवर संदेश: 'धोका! आजच फवारणी करा!'

पहिली मंजुरी माजी सरपंच पुंडलिकरावांची होती. मी फोन लावला.

"पुंडलिकराव, मंजूर का केलंत?"

"तुमी पाठवलं म्हणून!"

"पण वर लिहिलं होतं ना, मंजूर करू नका!"

"वाचलं ना! आमाले वाटलं, तुमी लाजून राह्यले. पाहुणा नको-नको म्हणते, तरी आपण वाढतोच ना पोळी!"

आणि पुंडलिकरावांनी हात वर केल्यावर ग्रामसभेत कोणाचा हात खाली राहतो? बाकीच्यांनी भराभरा दाबलं होतं.

"आता पंप भरून राह्यलो," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

आज गावाने फुकट फवारलं, की उद्या खऱ्या इशाऱ्यावर कुत्रंही विश्वास ठेवणार नव्हतं! स्कूटर काढली. आभा मागे बसून रस्ताभर फोन लावत होती. कोणी उचलेना!

गावात पोचलो, तर हातपंपाजवळ फवारणीचे पंप ओळीने ठेवलेले आणि त्यांच्यापुढे बेबीताई कमरेवर हात देऊन उभ्या. तो एक नकार त्यांचा होता!

"माह्या सापळ्यात दोन पतंग हाये. दोनासाठी कायले फवारू? ज्यानं त्यानं सापळा मोजून यावं, मंगच पंप उचलावा!"

"मी मंजूर केलं ना!" पुंडलिकराव गरजले.

"भाऊजी, पतंगायनं तुमाले मंजूर केलं का?"

सगळे खो-खो हसले. पुंडलिकराव तरातरा शेतात गेले आणि मांजरासारखे परत आले.

"तीन," ते पुटपुटले. मग स्वतःच हसत सुटले.

पंप न फवारताच रिकामे झाले. नवा नियम तिथेच ठरला: सापळा मोजल्याशिवाय मंजुरी नाही, आणि बेबीताईंच्या होकाराशिवाय बदल नाही. हात पुंडलिकरावांनीच आधी वर केला. पण या वेळी बाकीच्यांनी तीन-तीन प्रश्न विचारूनच आपले वर केले.

पुढच्या महिन्यात खरोखरच तीन दिवस आठच्या वर पतंग आले. इशारा गेला, गावाने तो मानला, वेळेवर फवारलं. दिवाळीला बोंडं फुटली, तेव्हा बेबीताईंनी पांढऱ्याशुभ्र शेताचा फोटो पाठवला. पाहून आभा रडली. मीही, पण थोडंच!

त्या आनंदात मी एक छोटासा बदल टाकला. ॲपच्या पहिल्या पानावर एकच ओळ: 'प्रमुख: यज्ञेश्वर'.

बेबीताईंनी तो अडवून ठेवलाय. खाली विचारलंय, "यानं पतंग कमी होतात का?"

मी आठवडाभर रोज सकाळी सापळे मोजले. नाही होत!