सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस

सबनीस काका रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही वाहनापाशी उकिडवे बसतात. गुडघे दुखतात, तरी बसतात. खिशातून स्टीलची टेप काढतात, चाकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धरतात, 'हं' म्हणतात आणि उठायला माझा हात मागतात. परवा लखनौत, आलमबागच्या बस अड्ड्याबाहेर त्यांनी एका ई-रिक्षाचं चाक मोजलं. रिक्षावाला हातातला चहा टाकून धावत आला.

"बाबूजी, चालान काटेंगे क्या?"

"नहीं भैया, अध्ययन कर रहे हैं."

रिक्षावाल्याला हे चालानापेक्षा भयंकर वाटलं असावं. मागे बसलेल्या बाईंना कुठे जायचंय हेही न विचारता तो निघून गेला. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. उद्या काका एखाद्या खऱ्या साहेबाच्या गाडीपाशी असे बसले तर?

धास्ती घेणं हा माझा स्वभावच. मी आटपाडीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि मामाबरोबर लखनौला, चौकातल्या गलाईच्या दुकानात आलो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्याकडची कितीतरी माणसं याच कामावर देशभर पांगली आहेत. पुढे मामा गावी परतला, मी राहिलो. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत खोली शोधत फिरताना एका फाटकावर मराठी आडनाव दिसलं. मी हिंदीत सुरुवात केली आणि घाबरून मराठीत संपवलं. "जेवलास का?" हा काकांचा मला पहिला प्रश्न. गच्चीवरची खोली त्याच दिवशी मिळाली. मला कावीळ झाली तेव्हा हा माणूस रोज मुगाचं पाणी घेऊन जिना चढायचा, पायरीपायरीला स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत. त्यामुळे काकांनी उद्या विमानाचं चाक मोजायला चल म्हटलं, तरी मी जाईन. घाबरत जाईन, पण जाईन.

काका रेल्वेत इंजिनीयर होते. सगळी नोकरी डब्यांच्या चाकांत गेली. काकू वारल्या, मुलगा फौजेत, सध्या डेहराडूनला. नातू आर्यन नववीत आहे. त्याला डोंगरात चालवायची सायकल हवी होती आणि काकांनी फोनवर सांगून टाकलं, सायकल आजोबांकडून. मुलगा म्हणाला, बाबा, इथे मिळते. छे! काका लखनौत स्वतः पारखून घेणार आणि स्वतः रेल्वेने घेऊन जाणार.

अशा सायकलीला तीन मापांची चाकं येतात. सव्वीस इंची हलकं, चटकन वळतं, पण जुनं झालं, म्हणे त्याचे टायर आता मिळायला वेळ लागतो. एकोणतीस इंची दगडधोंड्यांवरून सरळ जातं, पण जड, आणि बेताच्या उंचीच्या पोराला अवघड. साडेसत्तावीस दोघांच्या मधलं. मला वाटलं, मग मधलं घ्यावं.

"मधलं?" काका चष्म्यावरून म्हणाले. "मधलं म्हणजे ज्याला ठरवता येत नाही त्याचं चाक. गाडी चाकावर चालते, संपत, मतावर नाही."

आलमबागचा दुकानदार पप्पू भैया आम्हाला पाहिलं की चहा सांगायचा, कारण आम्ही लवकर उठत नाही हे त्याला कळून चुकलं होतं. एकदा त्याने तोडगा सुचवला. पुढे एकोणतीस, मागे साडेसत्तावीस, आजकाल अशीही सायकल येते. काकांनी कप खाली ठेवला.

"एक ही गाड़ी में दो नाप के पहिये? हमारे यहाँ ऐसा करते तो सस्पेंड हो जाते."

"तो आप पहाड़ ख़रीद लीजिए बाबूजी, साइकिल हम साथ में दे देंगे."

लखनौत पहाड कुठला? आमच्या सेक्टरात एक घर बांधायला काढलं होतं, त्याच्यासमोर गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ढीग होता. काकांनी तोच डोंगर ठरवला. माझी आणि आर्यनची उंची जवळपास एकच, त्यामुळे चालवून बघायचं काम माझ्याकडे. "तू चढलास की तो चढला," असा हिशेब. पप्पू भैयाच्या तिन्ही सायकली पाळीपाळीने आणून मी त्या ढिगावर चढवल्या आणि तिन्हींवरून पडलो. पडल्यावर काका धावत यायचे, आधी माझं कोपर बघायचे, मग चाक.

"कसं वाटलं?"

"भीती वाटली, काका."

"ती तुला सगळ्याच मापांत वाटते. चाकाचं सांग."

दर रविवारी सकाळी डेहराडूनला फोन लागायचा, स्पीकरवर. आर्यनला मराठी कळतं, बोलतो हिंदीत. काका बोलतात मराठीत. दोघं तावातावाने भांडायचे. "आबा, आप समझ नहीं रहे, ट्रेल पे पेड़ों की जड़ें होती हैं, छब्बीस का पहिया अटक जाएगा." "अरे, पण वळणावर काय करशील तू?" पोरगं पटवून द्यायचं, काका हो म्हणायचे आणि पुढच्या रविवारी नवीन शंका काढायचे.

मला घोर लागला तो मुलाच्या फोनमुळे. "बाबा, त्याची सुट्टी आलीय. या रविवारी नक्की करा, नाहीतर मी इथेच घेऊन टाकतो." म्हणजे आजोबांची भेट राहिली बाजूला. दुकानात सोनं वितळवतानासुद्धा माझ्या डोक्यात चाकंच फिरत होती. शनिवारी मी काकांना जवळजवळ ओढतच पप्पू भैयाकडे नेलं. तिथे काका चाकं सोडून टायरांवर बोलत बसले. रुंद टायर, अरुंद टायर, कुठली नक्षी चिखलात धरते, कुठली खडीवर. पप्पू भैयाने दुसऱ्यांदा चहा सांगितला. आम्ही सायकलीशिवाय परतलो.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. "काका, रागावू नका, पण तुम्हाला खरंच ठरवता येत नाहीये का?"

"ठरलंय की," काका बूट काढत म्हणाले. "पहिल्याच दिवशी ठरलं. साडेसत्तावीस. त्याची उंची, तिथली वाट, दुसरं काही बसतच नाही."

"मग हे सगळं?"

त्यांनी बूट भिंतीला नीट लावून ठेवले. एक जरा पुढे होता, तो मागे सरकवला.

"सायकलीच्या आधी तो माझ्याशी काय बोलायचा, तू ऐकलंयस ना?"

ऐकलं होतं. नमस्ते आबा. हाँ आबा. खा लिया आबा. मम्मी को दूँ?

रविवारी फोन लागला. काकांनी शंका काढली नाही. आर्यनने साडेसत्तावीस म्हटल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तेच घेतो. उद्याच."

"पक्का ना, आबा?"

"पक्कं."

"थैंक यू आबा." काका टेबलावरच्या फोनकडे बघत होते. "जेवलास का?" त्यांनी विचारलं. सकाळचे दहाही वाजले नव्हते.

"नाश्ता कर लिया. अच्छा आबा, मम्मी को..."

मोठ्यांच्या बोलण्यात मी तोंड घालत नाही. तरी मी दारातूनच जरा मोठ्याने म्हणालो, "काका, पण टायर कुठला? त्याला विचारलंत का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे हो, टायर तो रह ही गया," पलीकडून आर्यन म्हणाला. "आबा, फ़ोन रखना मत. टायर में तो बहुत कुछ देखना पड़ता है. चौड़ाई अलग, ग्रिप अलग. आपको पता है?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली, फोन उचलून हातात धरला.

"नाही रे," ते म्हणाले. "मला यातलं काहीच ठाऊक नाही. सांग बघू, सावकाश सांग."