पास्कूकाका आणि लाल दिवा

पास्कूकाकांनी हाताचा पंजा वर केला की आमच्या चर्चच्या ऑफिसात बोलायला बंदी असे. मग समोर फादर असोत की लग्नाची तारीख मागायला आलेला नवरदेव. कॉम्प्युटरवरचा लाल दिवा पेटलेला असे आणि आतून तांदूळ भरडल्यासारखी खरखर येत असे.

"कोनी हलू नका. मशीन लिवतंय."

एकदा मला शिंक आली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मिस्सा चालू असताना शिट्टी वाजवली.

मला या माणसाचा भयंकर राग येई, हे आधीच सांगून टाकते. खाडीकडच्या आमच्या गावात बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. उरलेली नावं कॉम्प्युटरात घालून सणाआधी त्यांची पुस्तिका छापायची, असं फादरांनी ठरवलं. मस्कतला असलेल्या एका गावकऱ्याने कॉम्प्युटर दिला. मी शाळेतली बाई, याद्या करण्याबद्दल बदनाम, म्हणून देखरेख माझ्याकडे आली. टाइप करणार पास्कूकाका. मुंबईच्या एका कंपनीतून पंचिंग ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, गावात मशीनची भीती नसलेले तेवढेच एक. छापखान्याने शनिवारची मुदत दिली होती आणि मी फादरांना शब्द दिला होता.

सुरुवातीला एक नाव टाइप झालं की दिवा चटकन विझे. तिसऱ्या आठवड्यात तो विझेपर्यंत माझा चहा पिऊन कप धुऊन होई.

मी कारणांची यादी केली. विजेचा दाब. उकाडा. धूळ. पास्कूकाका.

स्टॅबिलायझर आणला, टेबलफॅन लावला, मशीनला झालर नसलेलं साधं कव्हर शिवलं. आचोळ्याहून मेकॅनिक आला. त्याने मशीन उघडलं, फुंकर मारली, दोन केळी खाल्ली आणि "मशीनला काही झालेलं नाही" म्हणून निघून गेला. यादीत एकच कारण उरलं. बुधवारी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

काका एक नाव टाइप करत. मग पहिल्या नावापासून सगळीच्या सगळी यादी एका फ्लॉपीवर नव्याने लिहायला लावत. मग तीच दुसऱ्या फ्लॉपीवर. मग पुढचं एक नाव. यादी वाढेल तसं लिहिणं वाढणारच.

"काका, पन्नास नावं झाली की एकदाच साठवा ना."

"नाय."

"का नाय?"

"लाइट जाते."

"गेली तर रजिस्टरात बघून पुन्हा लिहू."

"रजिस्टर काय कायमचं हाय?"

"शनिवार तरी कुठे कायमचा आहे?" मी ओरडलेच. त्यांनी पंजा वर केला.

त्याच रागात गुरुवारी मी यादी रजिस्टराशी ताडून पाहायला घेतली. पहिल्याच नावाशी अडले. जुजे. पुढे ना पानाचा नंबर, ना तारीख.

"ही नोंद कुठल्या पानावरची?"

"पान नाय."

"पान नाही तर नाव आलं कुठून? खोडा ते."

त्यांचा हात कळफलकावरून हलला नाही. मी खुर्ची पुढे ओढली. कळ कुठली दाबायची ते मलाही आता ठाऊक होतं.

"बाई, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं. "माझा पोर. तीन दिवसांचा होता. जगत नाय म्हनून सुईनीनंच डोक्यावर पानी घालून बाप्तिस्मा दिला, मागनं पाद्रीनं नाव चढवलं. फोटो नाय काय नाय. त्या पानावर तेवढं होतं. वाळवीनं खाल्लं."

मी खुर्ची मागे घेतली. पानाच्या रकान्यात काय लिहायचं, ते मला सुचेना. शेवटी त्यांनाच विचारलं.

"वडलांनी सांगितलं, असं लिवा."

तसं लिहिलं. मग आमचा करार झाला: दर वीस नावांनी एकदा, पण दोन्ही फ्लॉपींवर.

शनिवारी सकाळी शेवटची वीस नावं संपली. लाल दिवा पेटला. मशीन पुन्हा पहिल्या नावापासून लिहू लागलं. फादर काही विचारायला दारात आले.

मी पंजा वर केला.