कांद्याच्या सालीचा आधार

अमेरिकेतल्या युटा राज्यात, एका गोळ्या-कॅप्सूलच्या कंपनीत व्हर्ला स्टकी अकरा वर्षं लेबल विभागात होती. तिचं काम एकच: 'बरे करते' हे शब्द खोडून तिथे 'आधार देते' असे शब्द घालणं. बरं करण्याचा हक्क कायद्यानं फक्त औषधाला आहे. आधार कुणीही द्यावा, त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिन नावाचं फ्लॅवोनॉइड, म्हणजे एक वनस्पतिजन्य द्रव्य, भरलेल्या कॅप्सूलच्या बाटलीवर तिनंच लिहिलं होतं, 'मुळात योग्य असलेल्या रक्तदाबास योग्य राहण्यासाठी आधार देते.' साहेब या वाक्यावर इतके खूश झाले की त्यांनी तिला त्याच कॅप्सूलच्या बारा बाटल्या बक्षीस दिल्या.

बाटल्या घरी आल्या आणि तिच्या नवऱ्यानं, डीलॉयनं, मनावर घेतल्या. एका सकाळी व्हर्लाला दिसलं की डॉक्टरनं दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर जशाच्या तशा पडून आहेत.

"हे काय रे?"

"त्या गोळीचा कागद वाचलास? चक्कर, मळमळ, घोट्याला सूज. बावीस दुष्परिणाम, आणि औषधवालेच कबूल करतायत! तुझ्या बाटलीवर एक तरी आहे का?"

"अरे, आम्हाला ते लिहावेच लागत नाहीत!"

"मग? सरकारलासुद्धा खात्री आहे."

"तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, कुठलाही रोग बरा करण्यासाठी नाही म्हणून."

"ते वकिलांसाठी असतं गं. मोठी अक्षरं माझ्यासाठी."

 डीलॉयच्या रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता, आणि मोठी अक्षरं व्हर्लाची होती. ती तडक कंपनीचे कायदा अधिकारी गार्न हॅच यांच्याकडे गेली.

"बाटलीवर एक ओळ घालू या सर. रक्तदाबाचं औषध थांबवू नका."

हॅचनी उठून दार लावून घेतलं. "औषधाचं नाव काढलंस की रोग आला. रोग आला की आपली कॅप्सूल औषध ठरली. आणि औषध ठरली की ती काम करते हे दाखवावं लागेल. दाखवशील तू?"

"म्हणजे खरं सांगणं बेकायदेशीर आहे?"

"छे छे. फक्त आपल्याला परवडणारं नाही."

तरी हॅच मनानं चांगले होते. त्यांनी समिती बसवली, समितीनं तीन आठवडे विचार केला आणि एक निरुपद्रवी ओळ मंजूर केली: 'आपल्या डॉक्टरांशी बोला.' नवी बाटली पाहून डीलॉय हरखला. "बघ, आता डॉक्टरांचंही नाव आलं!" म्हणाला, आणि दोनाच्या चार कॅप्सूल घेऊ लागला. व्हर्लानं विनवण्या केल्या, रडली, बाटल्या लपवल्या. त्यानं दुकानातून विकत आणल्या.

नवव्या दिवशी तो पक्षाघाताचा झटका येऊन स्वयंपाकघरात कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली.

तो घरी आला त्या दिवशी शेजारची आर्डिथ चीज घातलेल्या बटाट्यांचा ट्रे घेऊन आली.

"एवढ्या मोठ्या झटक्यातून वाचला, म्हणजे त्या कॅप्सूलचीच करामत, हो ना?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा व्हर्ला मोठ्या अक्षरात बोलली. "नाही आर्डिथ. त्या कॅप्सूलनं काहीही होत नाही. तिच्या भरवशावर त्यानं औषध सोडलं आणि हा असा झाला. ते वाक्य मी लिहिलं होतं."

आर्डिथनं तिचा हात मायेनं दाबला. "कळतं गं मला. कंपनीत आहेस, कायद्यामुळे तुला उघड बोलता येत नाही." मग दाराकडे बघत तिनं आवाज खाली आणला. "एवढंच सांग, जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?"

हसू नका. उत्तराची वाट तुम्हीही बघताय.